चिनी छपराचं थेटर : वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीच्या अंकात मी लंडनमधल्या जुन्या सिनेमा थेटरांविषयी लिहिलं होतं. तासगाव तालुक्यात टूरिंग टॉकीजच्या तंबूत ऑपरेटरच्या हाताखाली तीन हंगाम काढून मी १९६८ साली लंडनला आलो. आठवडाभर पोस्टात रात्रपाळीला पत्रांची वर्गवारी करायची आणि शनिवार-रविवार हिंदी सिनेमांच्या खेळांना प्रोजेक्टरच्या मशीनवर उभं राहायचं, असं चौदा वर्षं केलं. लेखात एवढंच होतं, पण पत्रं खूप आली. एकसारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. ज्यांचं उत्तर मला खात्रीनं देता येतं, तेवढेच इथं घेतले आहेत.

माझे थोरले बंधू १९७४ ते १९७९ या काळात पश्चिम लंडनमध्ये साउथॉलला राहत होते. त्यांच्या पत्रांत 'इथल्या चिनी देवळासारख्या थेटरात सिनेमा पाहिला' असं दोनदा आलंय. घरात सगळे ती त्यांची थट्टा समजायचे. असं थेटर खरंच होतं का? — एक वाचक भगिनी, मिरज

ताई, तुमच्या भावानं एक अक्षर वाढवून लिहिलेलं नाही. स्टेशनच्या पुलावरून उतरून साउथ रोडनं ब्रॉडवेकडे निघालं, की दुकानांच्या रांगेत अचानक ते छप्पर दिसतं. पागोड्यासारखं, वर वळलेल्या कोपऱ्यांचं, आणि कोपऱ्यांवर ड्रॅगन. १९२९ साली जॉर्ज कोल्स नावाच्या वास्तुविशारदानं ते बांधलं. तेव्हा त्याचं नाव होतं पॅलेस. थेटरात शिरणाऱ्या माणसाला आपण दूरदेशी आलोय असं वाटावं, अशी त्या काळची हौस होती. याच कोल्सनं इझलिंग्टनमध्ये कार्लटन नावाचं थेटर बांधलं, त्याचा दर्शनी भाग इजिप्तच्या मंदिरासारखा आहे. चिनी धाटणीचं सिनेमा थेटर मात्र अख्ख्या ब्रिटनमध्ये हे एकच.

तुमच्या भावाच्या वेळी त्याचं नाव लिबर्टी होतं. १९७२ पासून तिथं आपले सिनेमे लागायला लागले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ड्रॅगनचा रंग पार उडाला होता आणि ओल्या भिंतींना सिगारेटचा वास होता. पण आत पाय ठेवला आणि मला तासगावचा तंबू आठवला. पडदा उजळायच्या आधी जो एक गलका असतो ना, लेकरांना हाका, जागेवरून वाद, डब्यांच्या झाकणांचे आवाज, तो मी सात हजार किलोमीटर मागं सोडून आलो होतो. तो तिथं होता. फक्त पंजाबीत.

हीथ्रोवर साफसफाई करणाऱ्या बायका, रबराच्या कारखान्यातले कामगार, हेझच्या फॅक्टऱ्यांतून आठवड्याला साठ-साठ तास काम करून आलेली माणसं रविवारी इस्त्रीचे कपडे घालून यायची. आठवडाभर ज्यांना साहेब नीट नावानं हाक मारत नसे, ती माणसं तिथं दोन्ही हात पसरून एकमेकांना भेटायची. पंजाबी मी शिकलो तो लिबर्टीच्या रांगेत. मध्यंतरात समोसा आणि चहा. इंग्रजी थेटरात मुलगी गळ्यात ट्रे अडकवून आइस्क्रीम विकत फिरायची, इथं समोशाच्या टेबलापुढं रांग असायची. मराठी माणूस क्वचित भेटायचा. भेटला की दोघंही सिनेमा विसरून गावाचं नाव विचारायचो. तिथं मराठी सिनेमा लागलेला मी कधी पाहिला नाही, ही रुखरुख मात्र आजही आहे.

लिबर्टी १९८२ साली बंद झालं. आत बाजार भरायला लागला. १९९८ मध्ये आग लागली आणि आतला भाग जळाला, पण छप्पर वाचलं. मग दुरुस्ती होऊन २००१ साली तीन पडद्यांचं हिमालय पॅलेस म्हणून ते पुन्हा उघडलं. त्या वर्षी मी बायकोला आणि मुलांना घेऊन गेलो. ड्रॅगनना नवा रंग दिलेला होता. तो त्यांचा खरा रंग, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. २०१० मध्ये सिनेमा कायमचा बंद झाला आणि तिथं पुन्हा दुकानं आली. इमारत वरच्या श्रेणीतल्या संरक्षित यादीत आहे, त्यामुळे पाडता येणार नाही. साउथॉलला कुणी गेलं तर बांगड्या-बॅगा बघून झाल्यावर रस्ता ओलांडून समोर उभं राहावं आणि मान वर करावी.

एक गोष्ट मनाला लागते ती इथंच सांगतो. या इमारतीवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय. कोल्सनं कौलं कशी निवडली, छपराची रचना कशी, सगळं आहे. पण १९७२ ते १९८२ या दहा वर्षांसाठी बहुतेक ठिकाणी एकच ओळ सापडते : इथं आशियाई चित्रपट दाखवले जात. बस्स. ती दहा वर्षं ज्यांनी तिकिटं काढून ते थेटर उभं ठेवलं, त्यांच्याविषयी काही नाही. तुमच्या भावाची ती दोन पत्रं म्हणूनच जपून ठेवा, ताई.

मी पुण्यात चित्रपटाचा अभ्यास करतो. तुमच्या वेळी एक रीळ संपून दुसरं सुरू होताना प्रेक्षकांना कळत कसं नसे? आणि परदेशात हिंदी सिनेमाची रिळं वेळेवर पोचायची का? — एक विद्यार्थी, पुणे

पहिल्याचं उत्तर : दोन मशीन आणि दोन ठिपके.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. मशीनवर चढवायचं चाक दोन हजार फुटांचं, म्हणजे साधारण बावीस मिनिटांचं. तीन तासांचा आपला सिनेमा सोळा हजार फुटांच्या वर जातो. आता हिशेब करा, एका खेळात किती वेळा एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारायची. रीळ संपत आलं की चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्या क्षणी एकाची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी. नीट जमलं तर पडद्यावरच्या माणसाचा शब्दसुद्धा तुटत नाही. प्रेक्षकांना ठिपका दिसत नाही, कारण त्यांचं लक्ष गोष्टीत असतं. मला मात्र आजही कुठला जुना सिनेमा पाहताना गोष्टीआधी उजवा कोपराच दिसतो.

प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मधल्या फटीत वीज उडी मारते आणि डोळे दिपवणारा उजेड पडतो. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, उजेड पिवळट होतो, म्हणून त्या सतत पुढं सरकवत राहावं लागतं. केबिनच्या काळ्या काचेतून ती ज्योत बघत राहायची. सबंध खेळ मी सिनेमा पाहिला असं कधी झालंच नाही, मी उजेड पाहिला.

दुसरा प्रश्न रिळांचा. आमच्याकडे येणारी प्रिंट आधी कुठंकुठं फिरून आलेली असायची. भोकं फाटलेली, चरे पडलेले, जागोजागी जोड. शुक्रवारी रात्री टेबलावर पेट्या उघडून सगळी फिल्म बोटांमधून काढायची. जोड सुटायला आलेला हाताला कळतो. खूप ठिकाणी आधीच्या ऑपरेटरनं आपल्या सोयीसाठी स्वतःचे ठिपके खरवडून ठेवलेले असत, तेव्हा कुठला खरा ते आधीच ठरवून ठेवावं लागे.

एकाच प्रिंटवर दोन थेटरांत खेळ लावायची पद्धत होती. इकडची पहिली रिळं संपली की गाडीनं तिकडं, तिकडची उरलेली परत इकडं. पूर्व लंडनमधल्या एका भाड्याच्या थेटरात, १९७६ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी, मध्यंतर झालं आणि पेट्यांची गाडीच आली नाही. नॉर्थ सर्क्युलर रोडवर वाहतूक अडकली होती. दिवे लावून मी केबिनच्या खिडकीतून खाली बघत राहिलो. सहाशे माणसं. मला वाटलं, आता पैसे परत मागतील, खुर्च्या मोडतील.

पाच-दहा मिनिटं चुळबूळ झाली. मग पुढच्या रांगेतला एक पगडीवाला गृहस्थ स्टेजवर चढला आणि म्हणाला, माझ्या घरात वरची एक खोली रिकामी आहे, आठवड्याला चार पौंड, दारू पिणारा नको. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग दुसरा चढला. त्याच्या फॅक्टरीत दोन माणसं हवी होती. एक बाई उभी राहून म्हणाली, मी कपडे शिवते, ब्लाउजसुद्धा शिवते. कुणी लेस्टरला जाणारी गाडी विचारली. कुणी बडोद्याच्या एका माणसाचं नाव घेऊन विचारलं, हा कुणाला माहीत आहे का, आईनं चौकशी केली आहे. चाळीस मिनिटं हे चाललं. पेट्या आल्या तेव्हा मी दिवे मालवायला हात पुढं केला आणि खालून ओरडा झाला, थांबा, अजून दोन माणसं राहिलीत.

ती चार पौंडांची खोली मी घेतली. त्या घरात मी दोन वर्षं राहिलो आणि माझं लग्न ठरलं तेव्हा त्या पगडीवाल्या गृहस्थांनीच पहिला चहाचा सेट आणून दिला. म्हणून मित्रा, तुझ्या अभ्यासात 'थेटर म्हणजे करमणुकीची जागा' एवढंच लिहू नकोस. नव्यानं आलेल्या माणसाला खोली, काम आणि गावाकडची खबर जिथं मिळायची, ती जागा थेटर होती.

लंडनमधलं सर्वांत मोठं जुनं थेटर कुठलं? मुलाकडे डॉलिस हिलला येणार आहे, जवळपास काही बघण्यासारखं आहे का? — एक वाचक, ठाणे

तुम्ही अगदी योग्य ठिकाणी उतरणार आहात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळात गणपतीपासून नाटकापर्यंत सगळं होतं, तिथं जालच. तिथून भुयारी रेल्वेनं दोन स्टेशनं पुढं किलबर्न. उतरून किलबर्न हाय रोडनं दक्षिणेकडे चालत राहा. फिक्या पिवळसर फरश्यांचा उंच मनोरा दिसेल, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून सुचलेला. तो सुमारे १३० फूट उंच आहे. हे गॉमाँ स्टेट. २० डिसेंबर १९३७ रोजी उघडलं तेव्हा आत ४,००४ खुर्च्या होत्या. पहिल्या दिवशी स्टेजवर गायिका ग्रेसी फील्ड्स आणि माउथ ऑर्गन वाजवणारे लॅरी अॅडलर होते. त्या काळी अशा मोठ्या थेटरांत सिनेमाबरोबर गाणं, नाच, ऑर्गन असा भरगच्च कार्यक्रम मिळायचा.

आणि वास्तुविशारद कोण? तेच, साउथॉलचे जॉर्ज कोल्स. एकच माणूस आठ वर्षांच्या अंतरानं एकीकडे ड्रॅगन बसवतो आणि दुसरीकडे गगनचुंबी इमारत उभी करतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

मी वर्षानुवर्षं १६ नंबरच्या बसमधून तो मनोरा बघत रात्रपाळीला गेलो. आत जायला मात्र फार उशीर झाला. पुढं तिथं बिंगो, म्हणजे आकडे पुकारून पैसे लावून खेळायचा खेळ, आला. २००७ मध्ये तोही बंद झाला आणि मग रुआख सिटी चर्चनं ती वास्तू घेतली. इमारत बघायला खुली ठेवली होती त्या दिवशी मी गेलो. झुंबरं होती, संगमरवरासारखे खांब होते, वुर्लिट्झर ऑर्गन होता. मी मागच्या भिंतीत केबिनच्या खिडक्या शोधल्या. तिथून पडद्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि त्या ऑपरेटरना मनातल्या मनात नमस्कार केला. एवढ्या लांबवर कार्बनचा उजेड स्वच्छ पोचवणं ही सोपी गोष्ट नाही.

वेळ असेल तर टूटिंगचं ग्रॅनाडाही बघा. १९३१ सालचं. आतली सजावट थिओडोर कोमिसार्जेव्स्की या रशियन रंगभूमीच्या दिग्दर्शकानं केली आहे. बसल्यावर आपण मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठात आहोत असं वाटतं. देशातल्या सिनेमा थेटरांपैकी पहिल्या श्रेणीचं संरक्षण पहिल्यांदा यालाच मिळालं. जाणकार लोक ग्रॅनाडालाच सर्वांत सुंदर म्हणतात. मला विचाराल तर माझं मत साउथॉलला.

इंग्लंडमध्येही सिनेमानंतर राष्ट्रगीत वाजायचं का? — एक वाचक, लातूर

वाजायचं, शेवटचा खेळ संपल्यावर. मी आलो तेव्हा ती प्रथा जात चालली होती. तरुण पोरं शेवटच्या दृश्यालाच दाराकडे धावायची, म्हातारी माणसं टोपी काढून उभी राहायची. आमच्या हिंदी खेळांना मी कधी वाजवलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

यालाच जोडून एक : इंग्रजी थेटरांत तेव्हा सलग खेळ चालायचे. तिकीट काढून कधीही आत शिरा, सिनेमा मधूनच सुरू असेल तर शेवट आधी बघा, मग सुरुवात बघा, आपण आलो तिथपर्यंत आलं की उठा. सुरुवातीचे चार-पाच सिनेमे मी असेच उलटे पाहिले, कारण वेळा बघून जायचं असतं हे माहीतच नव्हतं.

टीव्ही आला म्हणून थेटरं गेली, असं म्हणतात. खरं आहे का? — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

गुरुजी, इंग्रजांपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. १९४६ साली ब्रिटनमध्ये १६३ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. म्हणजे तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी वर्षाला तीसहून अधिक वेळा सिनेमा. १९८४ साली तो आकडा साडेपाच कोटींच्या आत आला. १९५३ मध्ये राणीचा राज्याभिषेक बघायला लोकांनी घरोघरी टीव्ही आणले, दोन वर्षांनी जाहिरातींवर चालणारी वाहिनी आली. १९६० च्या कायद्यानं बिंगोला धंदा म्हणून मोकळीक मिळाली आणि गल्लोगल्लीची थेटरं बिंगोची झाली. माझ्या ओळखीच्या एका इंग्रज ऑपरेटरनं सांगितलं होतं, शुक्रवारी मी शेवटचं रीळ गुंडाळलं आणि सोमवारी त्याच हॉलमध्ये आकडे पुकारत होतो.

आपल्या लोकांचं मात्र उलटं झालं. इंग्रज बाहेर पडले म्हणून थेटरं स्वस्तात मिळायला लागली आणि आपण आत शिरलो. साउथॉलचं डोमिनियन तर तिथल्या इंडियन वर्कर्स असोसिएशननं, म्हणजे कामगारांच्या संघटनेनं, साठच्या दशकात विकतच घेतलं. त्यात सिनेमेही लागायचे आणि सभाही व्हायच्या. कामगारांनी पै-पै जमवून एवढं मोठं थेटर घ्यायचं, ही केवढी गोष्ट आहे! ती इमारत आता नाही. त्या जागी डोमिनियन सेंटर आहे.

आपली थेटरं पडली ती व्हिडिओमुळे. ऐंशीच्या आसपास किराणा दुकानात तेलाच्या डब्यांशेजारी कॅसेटी दिसायला लागल्या. एक कॅसेट आणली की दोन कुटुंबं आणि शेजारची मुलं, सगळ्यांचा शनिवार निघायचा. सहा माणसांच्या तिकिटांचा खर्च वाचायचा. हे कारण सगळे सांगतात.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. ते भीतीचं. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट नावाच्या वर्णद्वेषी पक्षाचा जोर होता. २३ एप्रिल १९७९ रोजी त्यांनी साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा ठेवली, लोक निषेधाला उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि ब्लेअर पीच नावाचे शिक्षक त्यात मारले गेले. त्यानंतर माझी बायको रात्रीच्या खेळाला यायची बंद झाली. ती म्हणाली, सिनेमा नऊला सुटतो, बस येईपर्यंत त्या थांब्यावर मी लेकराला घेऊन उभी राहणार नाही. मी काय उत्तर देणार होतो? अशा बायका आमच्या ओळखीत दहा-बारा तरी होत्या. बायका यायच्या थांबल्या की कुटुंबं थांबतात, आणि कुटुंबांशिवाय हिंदी सिनेमाचं थेटर चालत नाही. व्हिडिओचं मशीन घरात यायच्या आधीच कित्येक घरांचं थेटर सुटलं होतं.

दादासाहेब फाळके सिनेमा शिकायला लंडनला गेले होते ना? ते कुठल्या थेटरात गेले असतील? — एक वाचक, नाशिक

फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला आले. वर सांगितलेलं एकही थेटर तेव्हा बांधलेलं नव्हतं. सिनेमा या देशात येऊन अवघी सोळा वर्षं झाली होती. फेब्रुवारी १८९६ मध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निकमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. ते सभागृह आजही सिनेमा दाखवतं, आणि लंडनला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी तिथं न्यायचा आग्रह धरतो.

फाळक्यांनी 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना गाठलं. त्यांनी लंडनजवळच्या वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांची ओळख करून दिली. तिथं चित्रण कसं होतं ते बघून, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन ते परतले. कॅमेऱ्याविषयी सगळे लिहितात. मी मशीनवरचा माणूस, मला त्या भोकं पाडायच्या यंत्राविषयी जास्त वाटतं. तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, आणि ती अंधारात पाडायची. एक भोक तिरकं झालं तर पडद्यावर चित्र थरथरतं. घरी हे काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करायच्या. शुक्रवारी रात्री फाटक्या भोकांवरून बोट फिरवताना मला त्यांची आठवण यायची.

पुढं १९१४ मध्ये फाळके आपले तयार सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला आले आणि इथल्या लोकांना ते दाखवले. म्हणजे या शहरात भारतीय सिनेमा आम्ही आणला नाही, एका त्र्यंबकेश्वरच्या माणसानं आमच्या पन्नास-साठ वर्षं आधी आणला होता.

आम्ही हॅरोला राहतो. वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात सिनेमाच्या तिकिटांचा डबा आणि एक वही सापडली. वहीत तारीख, थेटर आणि कोण बरोबर होतं एवढंच लिहिलंय, १९७० ते १९८३. मुलं म्हणतात टाकून द्या. काय करावं? — एक वाचक, हॅरो

टाकू नका. हात जोडून सांगतो.

तिकिटांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करू नका. कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. वहीची पानं मोबाइलवर उजेडात नीट टिपून घ्या. मग केनिंग्टनच्या सिनेमा म्युझियमला विचारा. ते लँबेथच्या जुन्या वर्कहाउसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेच्या, इमारतीत आहे, लहानपणी चार्ली चॅप्लिनला जिथं राहावं लागलं होतं ती वास्तू. तिथं जुन्या दारवानांचे पोशाखसुद्धा जपलेत. १९६७ पासून थेटरांच्या इमारतींसाठी झटणारी सिनेमा थिएटर असोसिएशन आहे, तिचाही संग्रह आहे. ब्रेंट, ईलिंग या बरोंच्या, म्हणजे लंडनच्या प्रभागांच्या, स्थानिक संग्रहांत तर अशा वहीला मान मिळायला हवा, कारण त्यांच्याकडे नकाशे आहेत, परवाने आहेत, पण 'कोण बरोबर होतं' हे नाही.

मुलांना घेऊन तुमच्याच स्टेशन रोडवर जा. तिथलं १९३६ चं डोमिनियन पुढं सफारी झालं आणि हिंदी सिनेमे दाखवत राहिलं. त्याचा वळणावळणांचा देखणा दर्शनी भाग साठच्या दशकात पत्र्यानं झाकून टाकला होता. वडिलांनी बहुधा तो पत्राच पाहिला असेल. गेल्या काही वर्षांत पत्रा उतरला आणि मूळ दर्शनी भाग पुन्हा दिसला. आणि वॉल्थमस्टोला जा. १९३० चं ग्रॅनाडा, तेही शेवटी शेवटी हिंदी सिनेमे दाखवायचं. २००३ मध्ये बंद पडलं आणि बावीस वर्षं तसंच होतं. गावकऱ्यांनी ते सोडलं नाही, पुढं नगर परिषदेनं विकत घेतलं आणि मे २०२५ मध्ये ते नाट्यगृह म्हणून उघडलं. मी गेलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या गुजराती बाईंनी डावीकडच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, ह्यांच्याबरोबर शेवटचा सिनेमा मी तिथं बसून पाहिला. नाटक सुरू होईपर्यंत त्या त्याच भिंतीकडे बघत होत्या.

आणि एक विनंती. वडिलांच्या वहीत मे १९७६ चं पान काढून बघा. एखाद्या रविवारपुढं, पूर्व लंडनमधल्या थेटराच्या नावापुढं, मध्यंतरानंतर उशीर झाल्याची काही खूण असेल तर संपादकांमार्फत मला कळवा. त्या दिवशी मशीनवर मी होतो, आणि दिवे मालवायचे थांबवा म्हणून खालून ओरडा झाला तो ज्या दोघांसाठी, ते पुढं स्टेजवर येऊन काय बोलले ते मला पेट्या उघडण्याच्या घाईत ऐकू आलं नाही.